कुरवाच्या पायातलं कडं

एकोणीसशे साठच्या सुमारास मी डहाणूजवळच्या आगर गावातल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो. मी घाटावरचा माणूस; समुद्रावरचे पांढरे पक्षी मला सगळे सारखेच. थंडीत येणाऱ्या त्या पक्ष्यांना कुरव म्हणतात, हेही शेजारच्या मावशींनी सांगितलं. मावशी डहाणूच्या बाजारात मासळी विकायच्या.

एका सकाळी त्यांनी किनाऱ्यावरून हाक मारली, "मास्तर, लवकर या!"

वाळूत सुकत घातलेल्या जाळ्यात एक कुरव अडकला होता. जाळ्यात राहिलेली बारकी मासळी खायला उतरला असणार. फडफडेल तितका गुंतत होता. त्याच्या पायात एक कडं होतं.

मावशींचे दीर म्हणाले, "कडं काढून घे आणि दे सोडून."

"ते का?" मावशी म्हणाल्या. "ज्यानं घातलं तो वाट बघत असेल."

मावशींनी पक्ष्याच्या डोक्यावर पदर टाकला. तो गप्प झाला. मग त्यांनी सुरी घेतली आणि जाळंच कापलं. ते विणण्यात अख्खा पावसाळा गेला होता. दिरांनी तोंड फिरवलं. कड्यावर इंग्रजी अक्षरांत मॉस्कोचं नाव आणि आकडे होते. मी ते तळहातावर उतरवून घेतले. पदर काढताच कुरव क्षणभर थांबला आणि पाण्यावरून निघून गेला.

मुंबईत पक्ष्यांचा अभ्यास करणारी मंडळी आहेत, एवढं मला वर्तमानपत्रातून ठाऊक होतं. त्यांचा पत्ता मिळवून मी पत्र टाकलं. उत्तर यायला कित्येक महिने लागले. मॉस्कोच्या अभ्यासकांनी कास्पियन समुद्रातल्या एका बेटावर, उडताही येत नव्हतं तेव्हा, त्या पिल्लाच्या पायात कडं घातलं होतं. असं कोणी कळवलं, तरच पक्षी कुठे जातात ते समजतं, असंही लिहिलं होतं.

मी मावशींना शाळेतला नकाशा दाखवला. त्यांनी कास्पियनपासून डोंगर ओलांडत डहाणूपर्यंत सावकाश बोट आणलं.

"एवढंसं पिल्लू! त्याला वाट कोणी दाखवली?"

"ते त्या मंडळींनाही अजून नीट कळलेलं नाही."

"मग त्यांना लिहा, इथं आम्ही बघतो म्हणून."

मी तसंच लिहिलं. पुढच्या थंडीपासून मावशी जाळं नीट झाडून, अडकलेला मासा न् मासा काढूनच वाळत घालू लागल्या. कुणाला उपदेश केला नाही. बाजारातून आल्यावर दुसऱ्यांच्या जाळ्यांपाशी जाऊन बसायच्या आणि मासे वेचायच्या. लाजेकाजेस्तव बाकीचेही वेचू लागले. सगळ्यांत शेवटी, कुरकुरत का होईना, त्यांचे दीरही.