सुई लिहून देईल असा डॉक्टर

मिरची वाळवायच्या पथारीवर दोन गोष्टी आवरत नाहीत. एक ठसका आणि दुसरा किस्सा. एकाला आला की लगेच शेजारच्याला येतो! मी नंदुरबारला जन्मभर मिरचीची दलाली केली. समोर लाल मिरची वाळत पडलेली, आम्ही चार-पाच जण लिंबाखाली बसलेलो, आणि तोंडांना विश्रांती नाही. इतके किस्से साठले की घरचे म्हणतात, नाना, आता पोत्यात भरा आणि तोंड शिवा!

आज फक्त भिकाच्या सुईचं सांगतो. तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. भिका आता नाही, पण परवानगी त्यानेच देऊन ठेवली होती. "मी मरनू का मंग सांग, नाना. हासू दे लोकेसले!"

* * *

भिका माझा जोडीदार दलाल. वय बत्तीस, आडवं हाड, मिशीला पीळ. भरलेलं पोतं एका हाताने उचलायचा. या किश्शाच्या दोन वर्षं आधी त्याला गालगुंड झालं. आठ दिवस ताप आला, गाल सुजले, आणखी नको तिथेही सूज आली. मग सगळं उतरलं आणि तो कामावर आला. पण तो पहिला भिका नव्हता. दुपारी पोत्याला टेकून झोपायला लागला. दाढी पंधरा दिवसांनी करायची वेळ आली. मिशी तर उंदराने खाल्ल्यासारखी झाली!

आमच्यात वर्तमानपत्र वाचणारे एकच, शाळेचे मास्तर. एक दिवस त्यांनी मोठ्याने वाचलं की पुरुषाच्या अंगातला पुरुषपणाचा रस आता विलायतेत कारखान्यात तयार होतो आणि सुईने टोचता येतो. नाव टेस्टोस्टेरॉन. हे नाव आमच्यात फक्त मास्तरांनाच उच्चारता यायचं.

आम्ही सगळे हबकलो. पुरुषपणा, आणि बाटलीत? एकेक जण "राम राम" म्हणत उठून गेला. संध्याकाळपर्यंत तेच सगळे एकेकटे मास्तरांच्या घरी जाऊन आले. "मन्हा एक पाव्हना इचारी ऱ्हायना," असं प्रत्येकाने सांगितलं. मास्तर म्हणाले, नंदुरबारला इतके पाहुणे आलेत हे मला माहीतच नव्हतं!

* * *

भिका मात्र मास्तरांकडे गेला नाही. तो माझ्याकडे आला.

आमच्या बाजाराची एक रीत होती. सौदा तोंडाने करायचा नाही. शेतकरी आणि दलाल उपरण्याखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागायचा नाही. मिटलेली मूठ हातात आली की समजायचं, माल नाही. आणि उपरण्याखाली जे ठरलं ते फिरवायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा!

भिकाने माझा हात उपरण्याखाली ओढला आणि त्यात मिटलेली मूठ ठेवली.

मी विचारलं, "कोनती मिरची संपनी रे?"

तो मान खाली घालून बसला आणि मूठ तशीच माझ्या हातात. मला कळायला वेळ लागला की माल संपलाय तो त्याच्या अंगातला, पोत्यातला नव्हे. एवढा मोठा गडी, आणि ही गोष्ट सांगायला त्याला कापडाचा आडोसा लागला.

* * *

पहिले डॉक्टर आमच्या गल्लीपलीकडचेच. खिशात सोन्याचं घड्याळ, नाडीपेक्षा घड्याळाकडेच जास्त बघायचे. भिकाने कशीबशी हकिगत सांगितली आणि मी सुईचं नाव काढलं. डॉक्टर ताडकन उठले.

"लाज नाही वाटत? असली औषधं मागता? हे सगळं अतिरेकाने होतं! मी तसलं काही लिहून देणार नाही. ब्रह्मचर्य पाळा, ब्रह्मचर्य!"

भिकाने हात जोडले. "साहेब, तेच ते करी ऱ्हायनू! दोन वरीस व्हई ग्यात!"

डॉक्टरांनी घड्याळाचं झाकण लावलं आणि आम्हाला बाहेर काढलं.

* * *

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पण त्याच आठवड्यात भिकाचा सासरा बाजारात आला.

दगाजी पाटील तापीकाठचे मोठे शेतकरी. केळी, कापूस आणि थोडी मिरची. उजव्या हाताचं पहिलं बोट उसाच्या चरकात अर्धं गेलेलं, त्यामुळे बाजारात थट्टा चालायची की दगाजींचे पाच म्हणजे साडेचार! सासू वारल्यावर साठीच्या या गृहस्थाने गेल्याच वर्षी दुसरं लग्न केलं होतं. नवी सासू भिकाच्या बायकोहून, म्हणजे मंजुळेहून, दोन वर्षांनी लहान.

दगाजी भर बाजारात, हमालांसमोर, ओरडून बोलले.

"सात वरीस लगीनले, घरमा पाळना नही! जवाई शे का बुजगावनं? आखाजीले पोर माहेरले येई. मंग परत धाडाव नही!"

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात त्या सणाला लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, गाणी म्हणतात. हा माणूस त्याच सणाला लेक ठेवून घेणार होता! भिका पोत्याची शिवण उसवत आणि परत घालत बसला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की दगाजींचं ते उरलेलं अर्धं बोटही चरकात घालावंसं वाटलं.

आखाजीला तेव्हा अडीच महिने होते.

* * *

मास्तर खबर घेऊन आले. लोणखेड्याला बाहेरगावचे एक मोठे डॉक्टर चार दिवस मुक्कामाला आलेत, आणि सगळ्यांना सुयाच देतात! आम्ही लगेच गाडी जुंपली.

पोचलो तेव्हा डॉक्टर एका पाटलांच्या ओसरीवर चहा पीत होते. भिकाच्या तोंडून शब्द फुटेना, म्हणून मीच बोललो. लाजेने 'हा' म्हणायच्या ऐवजी 'आमच्या घरचा एक' असं म्हणालो.

"दमतो, साहेब. अंगात जोर राहिला नाही. जोडीदारणीकडे बघत नाही."

डॉक्टरांनी बारकाईने ऐकलं. "कामाला कसा आहे?"

"कामाला चांगला."

"मारका आहे?"

मला प्रश्न जरा विचित्र वाटला. "नाही, गरीब आहे."

"खच्ची कुणी केला?"

आम्ही दोघं दगड! डॉक्टर समजावून सांगायला लागले, "अहो, खच्ची केल्यावर असंच होतं. उलट बरंच आहे. औताला शांत चालतो. चारा वाढवा आणि वेसण घट्ट ठेवा."

तेव्हा भिकाला वाचा फुटली. "साहेब, बैल नही! मी शे!"

डॉक्टरांच्या हातातली बशी ओसरीवर पडून फुटली. ते गुरांचे डॉक्टर होते. सुया सगळ्यांना देत होते हे मास्तरांचं म्हणणं खरं होतं, फक्त त्या सगळ्यांना शिंगं होती!

परतीच्या वाटेवर मी बैलांना हाकायलासुद्धा कचरत होतो.

* * *

मग आगगाडीने सुरत गाठली. तिथे चकचकीत दवाखाना, भिंतीवर हाडांची चित्रं. डॉक्टर आनंदाने म्हणाले, सुई कशाला, सुई जुनी झाली! आणि टेबलावर हात आपटून त्यांनी उपाय सांगितला, "वांदरानी गांठ बेसाडी दउं!"

नर माकडाची पुरुषपणाची गाठ काढून माणसाच्या अंगात शिवायची! म्हणे विलायतेत मोठमोठे लोक शिवून घेतात. भिका तर शनिवारचा उपास करणारा मारुतीचा भक्त. तो हळूच खुर्चीवरून उठला.

"नको, साहेब. मंग शनवारे मारुतीले काय तोंड दखाडू?"

बाहेर येऊन एका औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, जर्मन माल लढाईमुळे बंद झाला, विलायती थोडाफार येतो, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हात लावता येत नाही. ही सुई लिहून देणारं या मुलखात एकच ठिकाण त्याला ठाऊक होतं, धुळ्याला. त्याने पत्ता लिहून दिला आणि बजावलं, "मागच्या दाराने जा."

मागचं दार का, ते काही त्याने सांगितलं नाही.

* * *

धुळ्याला निघायच्या दिवशी मी भिकाला घ्यायला गेलो. आखाजी आठ दिवसांवर आली होती. मंजुळावहिनी फडक्यात भाकरी आणि ठेचा बांधत होत्या. मी चाचरत म्हटलं, वहिनी, तुम्ही काही काळजी करू नका.

त्या माझ्यावरच उखडल्या. "मन्ही काय तक्रार शे? मी कोनले काई बोलनी का? तक्रार मन्हा बापनी शे, मन्ही नही!"

मग भिकाकडे न बघता फडकं पुढे केलं. "सुई भेटनी तरी या, नही भेटनी तरी या. पन या."

त्या दिवसांत पेट्रोल नसल्याने मोटारी कोळशावर चालायच्या. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं. भिका प्रत्येक चढाला सगळ्यांआधी उतरत होता.

* * *

आता हा शेवटचा किस्सा. याच्यावर माझ्याकडे दुसरा नाही.

पत्ता बरोबर निघाला आणि पाटी वाचून आम्ही जागीच थिजलो. बायकांचा दवाखाना! डॉक्टर म्हणजे डॉक्टरीणबाई. पुढच्या दारात लेकुरवाळ्यांची रांग. मागच्या दारात एक बाकडं, आणि त्यावर चार-पाच पुरुष, सगळ्यांची डोकी उपरण्यात गुंडाळलेली! मयताला तरी माणसं एकमेकांकडे बघतात. इथे कुणीही मान वर करत नव्हतं.

आमची पाळी आली. बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर. त्यांनी भिकाला एकच प्रश्न विचारला.

"गालगुंड झालं होतं का?"

इतके डॉक्टर झाले, पण हे कुणीच विचारलं नव्हतं. भिका हो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बाईंनी त्याला रडू दिलं. मग तपासलं आणि सरळ सांगितलं, "हा आजार आहे, पाप नाही. सुईने ताकद येईल, उमेद येईल, बाकीचंही येईल. मूल होईल असं मात्र मी सांगणार नाही. खोटं बोलून औषध देत नाही मी. बायकोला माहीत आहे?"

"तिनीच धाडं, बाई."

"मग निम्मं काम झालंय." आणि त्यांनी चिठ्ठी लिहिली.

मी बाईंच्या पायाला हात लावायला वाकलो, तर म्हणाल्या, "पाया काय पडता? पुढच्याला पाठवा."

आम्ही बाहेर आलो. बाकड्यावरचा पुढचा माणूस उठायला लागला. चेहरा उपरण्यात, फक्त उजवा हात बाहेर, भिंतीचा आधार घेतलेला. भिका एकदम थांबला. त्या हाताचं पहिलं बोट अर्धं होतं! बाजारात उपरण्याखाली तो हात त्याने किती वर्षं धरला होता.

"मामा?"

उपरणं जरा सरकलं. आत दगाजी पाटील! चेहरा वाळलेल्या मिरचीसारखा लाल. मग दगाजी म्हणाले, "खोकला शे."

भिका म्हणाला, "मले बी."

आतून बाईंनी हाक मारली, पण दोघंही हलले नाहीत. दगाजींनी डोक्यावरचं उपरणं काढलं आणि दोघांच्या मधे पसरलं. भिकाने चिठ्ठी माझ्याकडे दिली आणि खाली हात घातला. मी जन्मभर सौदे पाहिले, पण इतका वेळ चाललेला सौदा पाहिला नाही. उपरणं इकडे ओढलं जात होतं, तिकडे ओढलं जात होतं. शेवटी एकदाचं थांबलं. दगाजी मान खाली घालून आत गेले.

मी विचारलं, "पटनं का?"

"पटनं," भिका म्हणाला. पुढे जन्मभर त्याने त्यावर एक शब्द सांगितला नाही.

आखाजीला मंजुळावहिनी माहेरी गेल्या. तिसऱ्या दिवशी दगाजी स्वतः गाडी हाकत त्यांना सोडायला आले. भर बाजारात, ज्या जागेवर ओरडले होते त्याच जागेवर गाडी थांबवली आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "मन्हा जवाई हिरा शे, हिरा! पोर आठेच ऱ्हाई!"

हमाल तोंडं उघडी टाकून बघत राहिले.

भिकाने अदबीने विचारलं, "मामा, खोकला कसा शे?"

"कमी शे. तुन्हा?"

"मन्हा बी कमी शे."

वहिनींनी आधी बापाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मग माझ्याकडे वळल्या. "नाना, ह्या दोन्हीसले खोकला कव्हय व्हयना?"

मी म्हटलं, "मिरचीचा ठसका, वहिनी. दुसरं काय!"

त्यांनी मान वळवून पथारीकडे पाहिलं. मोसम महिन्यापूर्वीच संपला होता, आणि पथारीवर एक मिरची नव्हती.