ट्रंकेवरचा आकडा
ऑइलपेंटचा वास आला की शेजारच्या मावशींची काळी ट्रंक आठवते. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा मुलगा बेपत्ता झाला आणि फलटणला घरी त्याची ट्रंक तेवढी आली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा लष्करातला नंबर, १४२८५७. मी गणिताची शिक्षिका, मावशींसमोर पाटीवर सहज दोनानं गुणलं: २८५७१४. तेच आकडे, तोच क्रम, नुसते फिरलेले. सहापर्यंत दर वेळी तेच. "म्हंजी कितीबी फिरला तरी माघारी येतुय! आता सातानं करा, बाई." सातानं सगळे नऊच येतात, आधीचा एकही आकडा उरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी पाटी पुसून टाकली. मावशी वाट पाहतच गेल्या. मग मी ट्रंक उघडली, तर झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलेलं: ९९९९९९. मावशींना लिहिता येत नव्हतं. मुलाला मीच शिकवलं होतं. त्याचे वाकडे नऊ मी आजही ओळखते.