दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद

वहिनींचा फोन आला तेव्हा मी माझगावच्या शेडमध्ये होतो आणि समोर जनरेटर धडधडत होता. त्या काय म्हणतायत ते ऐकूच येईना. "जोरात बोला हो," असं दोनदा खेकसलो त्यांच्यावर. मग सेट बंद केला, आणि शेड गप्प झाल्यावर ऐकलं, "भावजी, हे गेले." सकाळचा चहा घेता घेता सत्या खुर्चीतच कलंडला होता. महिना उलटला या गोष्टीला, तरी सेटची चावी फिरवताना अजून हात थांबतो.

सतीश, म्हणजे आमचा सत्या, आणि मी लालबागच्या एकाच चाळीतले. तो तिसऱ्या मजल्यावर, आम्ही तळाला. दोघांचे वडील मिलमध्ये, त्याची आईसुद्धा मिलमध्येच, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. पुढे आम्ही दोघांनी मिळून एक जुना जनरेटर घेतला आणि मंडपांना, लग्नाच्या हॉलना भाड्याने द्यायला लागलो. वायरिंग त्याचं, गिऱ्हाइकाशी तोंड वाजवणं माझं. मी मुलखाचा तापट आणि तो तोंडातून शब्द काढायचा नाही, त्यामुळे भांडण असं कधी झालंच नाही. आता वाटतं, एकदा तरी व्हायला हवं होतं.

त्याच्या आईला सगळी चाळ आयेच म्हणायची. कापसाच्या धुळीने तिची फुप्फुसं खाल्ली होती. शेवटी शेवटी ती दिवसभर ऑक्सिजनच्या मशीनवर असे, आणि मशीन विजेवर. गणपतीच्या आगमनाच्या दिवशी भरदुपारी गल्लीतली केबल जळाली. मी सेट हातगाडीवर घालून धावत आलो, तर फाटकात मंडळाची माणसं उभी. "दिलीपदादा, इथे नको, आता बाप्पा येतील." मंडळाचा जनरेटरवालाही मीच, बाप्पाच्या वाटेत सेट लावू कुठल्या तोंडाने? मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरून सत्या म्हणाला, "आत घे रे, चौकात लाव." लावला. आमची चाळ चारी बाजूंनी बंद, मध्ये विहिरीसारखा चौक. धूर जाणार कुठे? सरळ वर, गॅलऱ्यांमधून आयेच्या खोलीत. सत्या बोलला खरा, पण डिझेलचा धंदा माझा होता, कळायला मला हवं होतं.

सेट बाहेर काढावा तर तोवर फाटकात माणसांची भिंत झालेली. आयेला उचलून न्यावं तर नेणार कुठून? ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेलेला सत्याचा भाऊ परळच्या नाक्यावरच अडकला. वहिनींनी दारं-खिडक्या लावल्या, फटींत ओले टॉवेल कोंबले, तरी आये आतून खोकत म्हणत होती, "बंद कर रे बाबा तां, माका धूर नको." बंद केला की मशीन बंद. मशीन बंद झालं की तिचे ओठ काळेनिळे. मग सत्याने काढलेला तो उपाय... दहा मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद. तो गॅलरीतून हात करायचा आणि मी खाली चावी फिरवायचो. बाहेर ढोल-ताशे, आत आम्ही दोघं, दिवेलागणीपर्यंत.

आये त्या दिवशी वाचली, पण मार्गशीर्षात गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं आधीच संपली होती. महिन्याभरात सत्याने धंदा सोडला आणि एका सोलर कंपनीत लागला. वयाची पंचेचाळिशी उलटलेली, हाताखाली शिकवायला कॉलेजातून सुटलेली मुलं. लोक विचारायचे, हे काय नवीन खूळ? तो ज्याला-त्याला वेगळं सांगे. सासऱ्यांना म्हणाला, "पुढे यालाच दिवस आहेत." मला म्हणाला, "त्यात धूर नाही रे होत." झालं. ते वाक्य माझ्या काळजात काट्यासारखं मोडलं, आणि आठ वर्षं तिथेच राहिलं. आम्ही भेटायचो, दर रविवारी चहा प्यायचो. मी त्याला 'सूर्याचा मुकादम' म्हणून चिडवायचो, तो हसायचा. पण चौकाचा विषय मी काढला नाही. काढला असता आणि तो म्हणाला असता, "हो, तुझ्यामुळेच," तर मी जाणार कुठे होतो? एक मात्र ध्यानात आलं होतं. पूर्वी गॅलरीतून हात करणारा सत्या आता तीन जिने उतरून खाली यायचा, पण हात करायचा नाही.

तेराव्याला त्याच्या कंपनीतली पाच-सहा मुलं आली होती. प्राजक्ता नावाची एक मुलगी सांगत होती, सर प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या दिवशी गच्चीवर नेऊन विचारायचे, या कामात का आलास? कोणी म्हणे, नोकरी मिळाली म्हणून. कोणी म्हणे, गावाकडे दिवसदिवस लाइट नसायची म्हणून. तिने स्वतः सांगितलं होतं, पर्यावरणासाठी. "सर म्हणाले, बरोबर सगळ्यांचंच. मग आम्ही त्यांना विचारलं." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, दिलीप तुम्हीच ना? सर म्हणाले होते, मी माझ्या आईला धुरात कोंडलं. मित्र सेट बाहेर लावत होता, मीच आत घे म्हणालो. तो मला काही बोलत नाही, पण त्याला ते माहीत आहे."

मी तिथून उठलो आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. अरे गाढवा, आठ वर्षं... आणि गाढव तरी एकटा तोच कसा?

निघताना खोलीत नजर फिरवली. आयेची खाट असायची तिथे भिंतीवर त्याची सोलरची बॅटरी आहे, तार वर टाकीशेजारच्या पॅनेलला गेलेली. शेजारी आयेच्या मशीनचा प्लग, रिकामा. वहिनी म्हणाल्या, "तिथे ते काही लावू द्यायचे नाहीत, मोबाइलसुद्धा नाही." मी जिने उतरलो. चौकात पोचलो आणि सवयीने वर बघितलं. वहिनी गॅलरीत आल्या होत्या, त्यांनी 'येत जा' म्हणून हात केला. माझा हात आपसूक खाली गेला, तिथे नसलेल्या सेटच्या चावीकडे.