आधी पेटी असते

माईकसमोर तोंड उघडून थांबलेला माणूस फार केविलवाणा दिसतो. काल लग्नाच्या हॉलमध्ये अण्णा तसे उभे होते.

अण्णा म्हणजे आमच्या एके काळी गाजलेल्या बँडचे गायक आणि मालक; मी त्यात पेटी वाजवायचे. आमचं एक जुनं गाणं आता कुणा नव्या मुलीने गायलंय आणि ते सगळीकडे वाजतंय. तिने सुरुवातीला माझा पेटीचा तुकडाही घेतलाय, स्टेजवरच्या कुठल्याशा रेकॉर्डिंगवरून. कॅसेट काढताना अण्णांनी तो उडवला होता. "तुझं रडगाणं कोण ऐकणार? लोक मला ऐकायला येतात."

काल आग्रहाखातर ते गायला उठले. सवयीने पहिला शब्द उचलला, तर ऑर्केस्ट्रातल्या पोरांनी माझा तुकडा सुरू केला.

"काका, थांबा की! आधी पेटी असते," कुणीतरी ओरडलं. हॉल हसला.

गाणं परक्या गळ्यात गेलं की जुन्या मालकाला जुमानत नाही. त्याने हाकललेल्यांनाही ते खुशाल घरात घेतं. आणि मी मात्र इतकी वर्षं नुसती दात-ओठ खात बसले होते!

अण्णांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी पंगतीतूनच हात वर करून त्यांना थांबायची खूण केली.

तुकडा अजून बराच बाकी होता.