गजभिये सरांचं इजिप्तचं देऊळ

“साहेब, आत कायले घुसून राहिले? पहिले चप्पल काढा नं!” गजभिये सर गरजले आणि शिक्षणखात्याच्या साहेबांनी दचकून टेबलाखाली स्वतःचे बूट काढले. “तुमचे नाही जी! त्या खेळातल्या माणसाची!”

महिन्यापूर्वी सर गेल्याचं कळलं, तेव्हा रडू येण्याआधी मला हीच आरोळी ऐकू आली... आवाजच तसा. वैनगंगेपलीकडच्या कारध्याच्या काठावरून सरांनी हाक मारली की पुलाच्या अलीकडे अर्धा भंडारा “ओ” द्यायचा.

ऐंशीच्या दशकात आमच्या शाळेला सरकारनं एक कॉम्प्युटर दिला. मुख्याध्यापकांनी त्याला हार घातला आणि कुलपात ठेवला. वर्षभर त्याला उदबत्तीपलीकडे कोणी काही दाखवलं नाही. गणिताच्या गजभिये सरांनी मात्र चावी मिळवली आणि चार महिन्यांत स्वतः खेळ लिहून त्या डब्यात अख्खं इजिप्त बसवलं. डब्यात जागा एवढीशी, की सर एकेक शब्द मोजून टाकायचे. कॅसेटवरून खेळ चढेपर्यंत माझे दोन चहा आणि एक डुलकी व्हायची. मग पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटायची : ‘तू देवळासमोर उभा आहेस. काय करतोस?’ आपण उत्तर टाइप करायचं. सरांनी इजिप्त पाहिलं होतं ते इतिहासाच्या पुस्तकातल्या एका चित्रात, तेही अंगठ्याएवढ्या. म्हणून त्यांची नाईल आषाढात वैनगंगेसारखी चढायची, देवाला उजवीकडून प्रदक्षिणा लागायची आणि चपलेसकट आत जाणाऱ्याला मगरतोंड्या देव गिळायचा.

“सर, इजिप्तात चप्पल काढत होते काय?” मी मराठीचा मास्तर, शंका काढणं माझा धर्म.

“देऊळ आहे नं? मग काढतच असतीन.”

एकदाच, सायकलची चेन बसवताना ते बोलून गेले होते. घर बौद्ध होण्याआधी, आजोळच्या देवळाची पायरी त्यांच्या वडिलांना कोणी चढू दिली नव्हती. एवढं बोलून हात पुसले आणि सायकलवर बसले.

अशात पत्र आलं : वापरात नसलेले कॉम्प्युटर नागपूरला परत नेणार. सरांचं जेवण सुटलं. ते देऊळ चालणार होतं फक्त त्या डब्यात! वापर होतो का ते पाहायला शिक्षणखात्याचे ते साहेब आले, आणि त्या साहेबांना मगरीनं तीनदा गिळलं. चौथ्यांदा मात्र त्यांनी ‘चप्पल काढ’ असं एका बोटानं टाइप केलं. दार उघडलं. पुजाऱ्यानं “या” म्हटलं, थेट गाभाऱ्यात नेलं. साहेब अनवाणी पायांनी दीड तास खेळले. जीप बाहेर पों-पों करून थकली, ड्रायव्हर चिडून चिवडा संपवून बसला.

शेवटी साहेबांनी कागदावर ‘वापरात आहे’ लिहिलं, सही ठोकली आणि बुटाची नाडी बांधता बांधता विचारलं, “गजभिये, तुमचा पुजारी आत सोडताना नाव, गाव, जात काहीच कसं विचारत नाही?”

सर कॅसेट डबीत ठेवत होते. वर न बघता म्हणाले, “तेवढ्याले जागा नव्हती, साहेब.”