पन्नास किलोत बसवलेली मुलगी

नांदुऱ्यात माझा भुसार मालाचा व्यापार आहे. सायकलवर पोतं बांधून गावोगाव धान्य विकत घेत इथवर आलो, कोणाचा हात धरला नाही. तूर घेताना मी दाणा दाताखाली फोडतो. ओला निघाला की पोत्यामागे वजन कापतो. त्यावरून रोज भांडणं होतात आणि बहुतेक वेळा मीच जिंकतो. मुलीच्या कुस्तीतही मी हेच केलं. तिथं मात्र माझ्याशी कोणी भांडलं नाही, हा माझा राग आहे.

ती अठरा वर्षांची. वजन त्रेपन्नच्या आसपास. जिल्ह्याच्या निवड चाचणीत पन्नासच्या गटात उतरली तर समोर हलक्या पोरी येतील, असा माझा हिशेब. तिला कुस्ती शिकवणारे वस्ताद म्हणत होते, वरच्या गटात खेळू द्या. मी म्हणालो, तीन किलो म्हणजे नुसतं पाणी, वाळवलं की जातं.

गेलं वर्षभर मी तिला असाच वाळवत होतो. स्पर्धा आली की मीठ बंद, भाकरी बंद. या वेळी शेवटचा दिवस पाणीही बंद. सकाळी बुलढाण्याला निघालो तेव्हा तिच्या अंगात दोन स्वेटर होते आणि गाडीच्या काचा मी वरपर्यंत लावल्या होत्या. राजूर घाटात तिने एकदाच विचारलं, "बाबा, नुसती चूळ भरू का?" मी म्हणालो, भर, पण थुंकून टाक. तिने खरंच थुंकून टाकलं.

काट्यावर बरोबर पन्नास भरली. मोठा सौदा जमल्यावर येते तशी झिंग मला आली. वजन झाल्यावर तिला भरपूर पाणी पाजलं, केळी दिली. मला वाटलं, झालं, भरून निघालं.

समोर संग्रामपूरकडची पोर होती, हिच्यापेक्षा लहानखुरी. पहिले दोन गुण हिनेच घेतले. मग हिच्या पिंडऱ्यांत गोळे आले. त्या पोरीने धक्काही दिला नव्हता. ही आपली आपणच खाली बसली आणि उठलीच नाही.

दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरबाईंनी पाळीबद्दल विचारलं. माझ्यासमोर, छताकडे बघत ती म्हणाली, "पाच महिने झाले, आली नाही." बाईंनी मला समजावलं की शरीर उपाशी राहिलं की आधी असली कामं बंद करतं, मग हाडं ठिसूळ होतात, ताकद तर जातेच. मी बाहेर येऊन वस्तादांवर ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, मी किती डाव सांगितलं तुमाले, वरच्या गटात खेळू द्या म्हणून?"

घरी आल्यावर बायकोला विचारलं, तुला माहीत होतं? तिला माहीत होतं.

"मग मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर तुम्ही भाव करत बसले असते," ती म्हणाली. "एक किलो सोडतो, दोन नाही सोडत."

तेव्हापासून गल्ल्यावर बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जावं कळत नाही. मायलेकींना माहीत होतं आणि मलाच नव्हतं, हे आठवलं की गिऱ्हाइकावर खेकसतो.

तीन महिने तिची कुस्ती बंद होती. आता पोटभर जेवते. पाळी सुरू झाल्याचं बायकोने मला भाजी निवडता निवडता सांगितलं. परवापासून ती पुन्हा आखाड्यात जाते. पुढच्या चाचणीला त्रेपन्नात उतरणार, हे तिने मला विचारलं नाही, सांगितलं. वजन किती भरलं तेही सांगत नाही. मी गाडी घेऊन येतो म्हणालो तर म्हणाली, "वजनाच्या वेळी तुम्ही गाडीतच बसायचं."

मी म्हणालो, हॉलच्या दारापर्यंत तरी येऊ दे. ती म्हणाली नाही. बरं, फाटकापर्यंत. तरी नाही.

सौदा असा अडला की मी चप्पल घालून चालू लागतो, मग लोक मागून हाक मारतात. इथं कोणी हाक मारणार नव्हतं. मी बसून राहिलो आणि हो म्हणालो.