न सरकणारं बटण

नदीकाठच्या वस्तीतल्या बैठकीत एक बाई भिंतीवरच्या छापील नकाशावर बोटानं काहीतरी ढकलत होत्या. जवळ जाऊन पाहिलं, तर ते मी केलेल्या पुराच्या नकाशातलं बटण होतं. संगणकावर ते उजवीकडे ओढलं की नदी चढते आणि निळा रंग एकेका घरावर पसरत जातो. ओढायचा मोह व्हावा म्हणून मी त्याला हलकी सावलीही दिली होती.

"बैठकीत तुझं हलतं चित्रच दाखवतो," असं माझा सहकारी नितीन म्हणाला होता. त्यानं पाणी वस्तीला टेकायच्या आधीच बटण थांबवलं, तेवढंच चित्र छापलं आणि वर लिहिलं, 'वस्ती सुरक्षित'. चित्रातली रेघ न् रेघ माझी आहे, कोपऱ्यात नावही माझंच आहे. म्हणून तर जास्त झोंबतं. खोटं खोडून काढता येतं हो. खऱ्यातला सोयीचा तुकडा कसा खोडायचा?

"हे पुढं सरकत नाही का?" बाईंनी विचारलं.

"नाही काकू, कागद आहे तो," नितीन हसून म्हणाला.

"पाणी सरकतं की," त्या म्हणाल्या. बोट त्यांनी काढलं नव्हतं.